वाघळांची चिंच

शेतकी खात्याच्या त्या पत्रकातला शब्दन् शब्द माझा होता, हे आधीच कबूल करतो. ‘केळीचे शत्रू ओळखा!’ असा ठळक मथळा, खाली दोन रकाने. मित्रांत बैल, मधमाशी, साळुंकी. शत्रूंत उंदीर, रानडुक्कर आणि ‘पीकखाऊ पक्षी’ म्हणून पोपट व वाघूळ. स्वराज्य नवं, मी विशीतला. मित्र नसेल तो शत्रू, असं शिकवलं गेलं होतं. मी ते पाठ केलं होतं.

एरंडोलजवळच्या एका गावात पत्रक वाचून दाखवलं आणि लोक पेटले. वाघळं लटकायची एका विधवा अक्कांच्या बांधावरच्या चिंचेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेचं झाडच पाडायचं ठरलं.

शाळेतल्या गुरुजींनी मला बाजूला घेतलं. वाघूळ पक्षी नाही, म्हणाले. अंडी घालत नाही, पिलाला दूध पाजतं, म्हणजे गाईम्हशींच्या वर्गातलं. मी चिडलो. उडणारं जर पक्षी नाही, तर हे वर्ग पाडले कुणी आणि कुणाच्या सोयीसाठी?

दुपारी अक्कांनी मला झाडाखाली नेलं. खाली वाघळांची घाण साचलेली, तिच्यात उंबराच्या बिया. ती घाण झाडून अक्का मिरचीच्या वाफ्यात खत म्हणून घालत. बांधावरचे उंबरही असेच वाघळांनी पेरलेले. त्या उंबरांवर साळुंक्या बसल्या होत्या. माझ्या मित्रांच्या रकान्यातल्या. मग अक्कांनी केळीच्या घडाला हात लावला.

“भाऊ, घड आम्ही हिरवा कापतस. वाघूळ हिरवा खास का?”

हिरवं केळं खात नसतील, पण केळफुलावर लोकांनी वाघळं पाहिलीत, मी म्हणालो. ती मध चाटतात नि जातात, त्या म्हणाल्या. आणि शेजारच्या शेतातल्या पेरूंचं काय, मी विचारलं. पेरू मात्र खातात, हे त्यांनी सरळ सांगितलं. म्हणजे बांधाच्या अलीकडे मित्र आणि पलीकडे शत्रू?

“मनी चिंच कोठे शे तुना कागदमा?”

अक्कांची चिंच कुठल्याच रकान्यात नव्हती.

सकाळी शेजारचा पेरूवाला कुऱ्हाड घेऊन आला, मागे पाच-सहा केळीवाले. मी झाडाला पाठ लावून उभा राहिलो. त्याने माझंच पत्रक माझ्यापुढे धरलं.

“हाई तूच लिखं ना?”

चुकलंय, म्हणालो. मग बरोबर काय ते सांग, म्हणाला. वाघूळ पक्षी नाही, एवढंच तोंडातून निघालं.

“मंग जनावर म्हनीसन पाडूत.”

सगळे हसले. शेवटी अक्कांचा हिरव्या घडाचा प्रश्न मी केळीवाल्यांना विचारला. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. घड हिरवा कापायचे सगळेच. एकेक जण मागे सरकला. एकटा पडल्यावर पेरूवाला म्हणाला, दुरुस्त पत्रक येईपर्यंत थांबतो.

जळगावला येऊन मी वाघूळ दोन्ही रकान्यांत लिहिलं. छापखान्याला ती चूक वाटली. मित्रांतलं नाव त्यांनी गाळलं. मी तिथे जाऊन भांडलो, पण एकाच रकान्यात ठेवायचं तर कुठल्या, हे मलाही ठरवता आलं नाही.

पेरूवाला ज्याची वाट पाहत थांबला होता, ते पत्रक मी त्या गावात नेलंच नाही.