किल्ल्याच्या दरवाज्यावर मावशी

मावशी सोफे शिवते. जुना सोफा सोलायचा, आतला फोम बदलायचा, वर नवं कापड ताणून बसवायचं. तिच्या घराची पुढची खोली म्हणजे कारखाना. काम करताना ती छोटे खिळे तोंडात धरते आणि एकेक काढून ठोकते. तेव्हा काहीही विचारलं तरी एकच उत्तर मिळतं. हं.

मी शेजारी राहायला आले त्या दिवशी तिने खिळे काढून मला सांगितलं, "मला काकू म्हणायचं नाही. मावशी म्हण." ती माझ्या आईहून मोठी आहे. तरी आमची मैत्री झाली, ती अशी.

त्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहत नाही. मिक्सरला कव्हर, पंख्याला कव्हर, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा झिप असलेली पिशवी. काका, म्हणजे तिचे यजमान, बसचे निवृत्त ड्रायव्हर आहेत. ते मला म्हणाले होते की घरात एका जागी फार वेळ बसायची त्यांना भीती वाटते. ही माप घेईल आणि शिवून टाकेल.

कारखान्याच्या त्या पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात गेम खेळायचा कॉम्प्युटर आहे. मुलगी नोकरीला दुसऱ्या गावी गेली, जाताना तो मागे ठेवून गेली. मावशी आधी त्याची धूळ पुसायची. मग तिने तो चालू करून बघितला. मग खेळायला लागली. अर्थात त्यालाही कपडे चढले. कॅबिनेटवर मखमली झूल, खाली फोमची जाड गादी, गादीला तळाशी रेक्झिन. खेळताना झूल निघते. गादी राहते.

मी तिला पहिल्यांदा खेळताना पाहिलं तेव्हा हातातला चहा निवून गेला. पाच जणांनी किल्ला राखायचा, दुसऱ्या पाच जणांनी तो घ्यायचा, असा तो खेळ. मावशी दरवाजा सांभाळते. खेळातलं तिचं नाव 'उसवण'. समोरच्यांची फळी ती अशी उसवते की चार पोरं एका वेळी आडवी. संघातले बाकीचे चौघे विशीतले, वेगवेगळ्या गावांतले. कुणीच कुणाला पाहिलेलं नाही. त्यांचा समज असा की उसवण ही कुणी अबोल मुलगी आहे. कारण रंगात आली की मावशी सवयीने खिळे तोंडात टाकते, आणि माइकवर फक्त हं म्हणते.

मग कॉम्प्युटर आजारी पडला.

खेळ सुरू झाला की थोड्या वेळाने चित्र अडखळायचं. मग एकदम सगळं काळं. दोन सामन्यांत दरवाजा असा उघडा पडला. दुसरा सामना संघ हरला. एकच संधी उरली होती, रविवारचा सामना. तो जिंकला तर मोठी स्पर्धा. शनिवारी त्यांच्या कप्तानाचा फोन आला. पोरगा गुणी होता, फार अवघडून बोलला. "ताई, उद्या परत बंद पडला तर पुढे दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागेल. राग मानू नका."

मावशीने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "ताई म्हणाला," ती म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. तिला दरवाजा सोडायचा नव्हता.

रविवारी सकाळी तिने कॅबिनेट गादीवर आडवं केलं आणि एका बाजूचं झाकण काढलं. मी टॉर्च धरला. काका खुर्चीत बसून सल्ले देणार होते, ते तसे बसले.

तिने मला समजावलं. प्रोसेसर म्हणजे सगळा हिशोब करणारा मेंदू. तो तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. चित्र अडखळतं ते त्यामुळे. म्हणून आधी त्याला गार ठेवणारा भाग बघायचा. प्रोसेसरवर पंखा होता, पंख्याखाली धातूच्या पातळ पात्या. त्या पात्यांमध्ये राखाडी नमदा, दाबलेल्या लोकरीसारखा थर, बसला होता. मावशीने चिमटीने ओढला तर अख्खा चौकोन निघाला. फोमचा चुरा, कापूस आणि धाग्यांची टोकं.

काका म्हणाले, "हिने आतूनसुद्धा सोफाच शिवलाय."

मावशी पोट धरून हसली. तिने पात्या ब्रशने साफ केल्या, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली होती, ती पुसून नवी लावली. कॅबिनेट पुन्हा उभं करून गादीवर ठेवलं. मग प्रोसेसरला पूर्ण जुंपणारा एक प्रोग्रॅम चालू केला. पडद्यावर वेगाचा आकडा दिसत होता. खाली घसरणारा तो आकडा आता खुंटा मारल्यासारखा उभा राहिला. मी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपायच्या आत सगळं काळं झालं.

मी टॉर्च पुन्हा उचलला. मग मावशी म्हणाली, "म्हणजे दुखणी दोन आहेत. एक गेलं."

दुसऱ्याचा संशय पॉवर सप्लायवर होता. भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना वाटून देणारा हा डबा कॅबिनेटच्या तळाशी बसतो. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराच्या खुर्च्या मावशीनेच शिवल्या होत्या. त्याने नवा डबा दिला, म्हणाला चालला तर ठेवा, नाहीतर परत आणा. मावशीने तो आत न बसवता बाहेर टेबलावरच ठेवला आणि वायरी आत सोडल्या. प्रोग्रॅम चालू. आम्ही जेवून आलो. कॉम्प्युटर चालूच.

काकांनी निकाल दिला. जुना डबा गेला, भंगारात घाला. मावशी तरंगतच होती. तिने नवा डबा आत बसवला, झाकण लावलं, गादी नीट केली, सरळ खेळच चालू केला.

आणि कॉम्प्युटर बंद पडला.

मी त्या वेळी तिच्याकडे बघू शकले नाही. सामना चारला होता. तीन वाजून गेले होते. काकांनी सल्ला द्यायचा सोडून घड्याळाकडे पाहिलं.

मावशी जमिनीवर मांडी घालून बसली. तिने दोन खिळे तोंडात टाकले आणि नुसती बघत राहिली. मग उठली. नवा डबा काढला, जुना उचलला, तो टेबलावर ठेवून जोडला. मला वाटलं, ताण डोक्यात गेला. जुना डबा तर भंगार होता.

जुना डबा चालला. चालतच राहिला.

मावशीने खिळे हातात थुंकले. ती म्हणाली, "शिलाई बिघडली की सुई बदलायची किंवा धागा. दोन्ही एकदम बदलले तर चूक कुणाची ते कळत नाही. मी डबा बदलला आणि त्याची जागाही बदलली. डबे दोन्ही चांगले आहेत. जागा वाईट आहे."

ती वाकली. कॅबिनेट तिरकं केलं. गादीवर हात ठेवला आणि झटकन उचलला. मग माझा हात धरून तिथे ठेवला. गादी नुकत्या इस्त्री केलेल्या कापडासारखी गरम होती.

पॉवर सप्लायचा पंखा तोंड खाली करून बसतो. तो खालून हवा ओढतो. आणि खाली होती मावशीची उत्तम गादी, दाबून भरलेली, वारा फिरकणार नाही अशी. श्वास कोंडला की तो डबा जळण्याआधी स्वतःच मान टाकायचा. त्याने इमानाने काम केलं होतं. नव्यानेही तेच केलं होतं.

"अहो," ती काकांना म्हणाली, "मीच त्याच्या तोंडावर उशी दाबून धरली होती."

काकांनी तोंड उघडलं. मग मिटलं. इतकी सोपी संधी त्यांनी सोडली, म्हणून मला ते त्या दिवसापासून फार आवडतात.

पुढचं सगळं पळापळीत झालं. जुना डबा परत आत. मी कपाटाखालून सोफ्याचे चार लाकडी पाय ओढून काढले. काकांनी कॅबिनेट उचललं, मावशीने गादी ओढून बाजूला टाकली आणि चार कोपऱ्यांखाली चार पाय सरकवले. खाली वीतभर मोकळी जागा झाली. मी जमिनीला गाल टेकवून बघितलं. पंखा फिरत होता, माझे केस आत ओढले जात होते.

हेडफोनमधून कप्तान विचारत होता, ताई आल्या का. मावशीने खिळे तोंडात टाकले. हं.

त्या सामन्याचं वर्णन मला नीट जमणार नाही. मला अर्धं कळत नव्हतं आणि मी ओरडत होते. दरवाज्यावर ते लाटेसारखे येत होते. मावशीची बोटं शिलाई मशीनवर चालतात तशी चालत होती. काका पडद्याकडे बघतच नव्हते. ते कोपऱ्यातल्या वेगाच्या आकड्याकडे बघत होते, घाटात ड्रायव्हर काट्याकडे बघतो तसे. मध्येच म्हणायचे, "स्थिर आहे." पुन्हा म्हणायचे, "स्थिर आहे."

ज्या वेळेला कॉम्प्युटर नेहमी मरायचा ती वेळ आली. गेली. शेवटच्या लाटेत किल्ल्यातले बाकी चौघेही पडले. दरवाज्यात एकटी उसवण उरली, समोर तिघे. पहिला पडला. दुसरा पडला. तिसरा वळून पळायला लागला आणि मावशीने त्याला जाऊ दिलं नाही.

हेडफोनमधला कल्ला आम्हालाही ऐकू आला. तो जरा ओसरल्यावर कप्तान म्हणाला, "ताई, मोठ्या स्पर्धेत दरवाज्यावर तुम्हीच. चालेल ना?"

मावशीने हं म्हटलं नाही. तिने खिळे काढून तळहातावर घेतले आणि माइक तोंडाजवळ ओढला.

"चालेल," ती म्हणाली. "पण ताई नको. मावशी म्हण."

पलीकडे एकाने विचारलं, "मावशी?" मग चौघेही एकदम हसायला लागले, आणि मावशी, मावशी असा घोष सुरू झाला.

काका मात्र खुर्चीत नव्हते. ते खाली बसले होते, रिकाम्या झालेल्या गादीवर. मला हळूच म्हणाले, "अजून ऊब आहे."

मावशीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. आधी त्यांच्याकडे, मग गादीच्या रुंदीकडे. तिने गळ्यातली मोजपट्टी काढली.

काका उठून उभे राहिले.