हरबामामाचं पातळ रक्त

जाळं ओढताना हात गुंतलेले असतात, पण तोंड मोकळं असतं. त्यामुळे आमच्या मच्छीमार सोसायटीत मासोळीपेक्षा किस्सेच जास्त निघतात. मासोळी दुपारपर्यंत खपते. किस्से कोणी विकत घेत नाही, मग ते साचत जातात! त्यातला निम्मा माल एकट्या हरबामामाचा.

हरबामामा सोसायटीचा अध्यक्ष. सेक्रेटरी मी, कारण दहावी पास मी एकटाच! बोदलकसा तलावाच्या अंगाला आमचं गाव. दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. सकाळी आम्ही जाळं ओढून राहिलो होतो आणि मामा डोंग्यात, आमच्या लहान होडीत, उभा राहून आम्हाला शिव्या घालत होता. म्हणजे सगळं नेहमीसारखंच. एकाएकी त्याच्या शिवीतली अक्षरंच गळायला लागली. "अये... उया आय..." आम्ही खो खो हसलो. वाटलं, आज सकाळीच घेऊन आला!

काठावर मासोळी निवडत बसलेली त्याची बायको, अनुसयामामी, मात्र ओरडली, "हासता काऊन बे! त्याचा हात पाहा ना!"

उजवा हात लोंबत होता. तोंड एका बाजूला गेलं होतं. आम्ही त्याला उचलून काठावर निजवलं. कोणाला काही सुचेना. वीसेक मिनिटांनी मामा आपणहून उठून बसला, हात झटकला आणि अर्धी राहिलेली शिवी पूर्ण केली!

*

"मी चांगला हाओ," मामा म्हणत होता. मामी ऐकते थोडीच! त्याच दिवशी त्याला गोंदियाला नेलं. मी सोबत होतो. डोक्याचा फोटो काढून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "छोटा झटका था. बड़े का नोटिस समझो."

मग गोळ्या लिहून दिल्या. एक रक्त पातळ करायची, एक बीपीची, एक चरबीची.

मामानं विचारलं, "कब तक खाना, साहेब?"

"जिंदगी भर."

मामानं डॉक्टरांकडे नीट पाहून घेतलं. "माही का तुमची?"

*

रक्त पातळ करायची गोळी मामाच्या डोक्यात पक्की बसली. "पातळ म्हणजे किती गा? वरणावानी का ताकावानी?" असं तो मला रोज विचारायचा. एक दिवस मांगूर मासा जाळ्यातून काढताना त्याचा काटा मामाच्या अंगठ्यात घुसला. रक्त थांबेना. मी दुपट्टा दाबून धरला. आणि मामा खुशीत ओरडून राहिला, "पाहा रे पाहा! गोळी असली निंगाली! डाक्टरनं फसवलं नाई!"

*

महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांतच संपायला लागल्या. मला वाटलं, मामा दोन-दोन खातो. दरडावून विचारलं, तर मामीच पुढं आली.

"एक मी खाऊन राहिली ना."

"तुले कायले वं मामी?"

"घरात चांगली वस्तू आली तं एकट्या माणसानंच खायची काय?"

डॉक्टरांनी तिला हात जोडले. तेव्हापासून तिनं सोडलं. पण ती गोळी आपल्यालाही मानवली होती असं ती आजही सांगते!

*

सहा-सात महिने गेले. मामा पहिल्यासारखाच डोंगा हाकायला लागला आणि त्याला वाटलं, आता बास. मामीसमोर गोळ्या तोंडात टाकायचा आणि डोंग्यात बसला की तलावात थुंकायचा. आम्ही पाहिलं, तेव्हा चिडण्याऐवजी हसलोच. जाळ्यावरचा आमचा सोबती डोमा म्हणाला, "चला, आपल्या मासोळीले आता लकवा व्हाची भेव नाई!"

हसायला नको होतं. ते मला अजून लागतं.

*

कारण त्या पावसाळ्यानंतर एका दुपारी मामाच्या हातातून पाण्याचा गडवा सुटला. उचलायला वाकला तो खालीच बसला. मी मोटरसायकल काढली. मामा एका बाजूला कलत होता म्हणून मामीनं जाळ्याच्या दोरीनं त्याला माझ्या पाठीला बांधलं आणि स्वतः मागं बसली. गोंदियापर्यंत मामा एक शब्द बोलला नाही. त्याची मान माझ्या खांद्यावर होती. देवाशप्पथ, एक शिवी ऐकायला मी इतका कधीच तरसलो नव्हतो.

डॉक्टरांनी विचारलं, "गोली ले रहे थे?"

मामानं मान हलवून हो म्हटलं.

"मासे घेऊन राहिले होते, साहेब!" मामी म्हणाली. माझ्याकडे पाहून म्हणाली. म्हणजे तिला आता सगळं कळलं होतं.

*

मामा वाचला. बोलणं परत आलं, उजव्या हातात मात्र कमजोरी राहिली. मग आम्ही सोसायटीची सभा बोलावली आणि ठराव मांडला, की अध्यक्षांनी रोज सकाळी सगळ्यांसमोर गोळ्या गिळाव्या, तोंड उघडून दाखवावं, मगच डोंग्यात पाय ठेवावा.

"मी अध्यक्ष हाओ का शाळेतलं पोरगं?" मामा गरजला.

"विरोधात कोण? हात वर करा," मी म्हटलं.

मामाचा उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. त्यानं डाव्या हातानं त्याला खालून ढकललं. तरी जाईना. सगळे खाली पाहायला लागले. शेवटी मामाच म्हणाला, "लिह्य बे सेक्रेटरी. एकमतानं मंजूर."

*

त्यानंतर चार वर्षांनी गावच्या शाळेत आरोग्य शिबिर झालं. पुण्याकडची एक तरुण डॉक्टरीण आली होती. मामा नेमानं गोळ्या खातो हे तिला कोणीतरी सांगितलं. तिनं त्याला सगळ्यांसमोर उभं करून माईक हातात दिला.

"सांगा काका, या गोळ्यांनी तुम्हाला काय फरक पडला?"

"काही नाई."

बिचारी गोंधळली. "म्हणजे... थोडं बरं वाटत असेल ना?"

"नाई."

"पण काहीतरी झालं असेल की!"

मामानं माईक तोंडाजवळ घेतला.

"चार वर्षं झाली, बाई. एक दिवस खाडा नाई. काही म्हणजे काहीच नाई झालं!"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. बायांच्या पहिल्या रांगेत अनुसयामामी उभी राहिली आणि एकटीच टाळ्या वाजवायला लागली.