तेविसावा सोमवार

प्रयोगशाळेत त्यांना सगळे सुईकाका म्हणत. दर सोमवारी सकाळी मागच्या आवारातल्या एका झाडाला सालीतून बारीक सुई टोचायची, शेजारी नंबर चिकटवायचा आणि वहीत ‘टोचली’ लिहायचं, हे त्यांचं काम. लोकांना हसू येई, काकांना नाही. सालीखाली एक ओलसर, पातळ थर असतो. लाकूड तिथेच, पेशीपेशीने तयार होतं. सुईचा डाग पडला की त्यानंतर किती नव्या पेशी चढल्या ते मोजता येतं.

आई गेल्यावर ज्या थोरल्या बहिणीने वाढवलं, त्या आक्काला त्यांनी एकदा फोनवर सांगितलं, “नवी पेशी फुगते, भिंती जाड करते आणि मरते. पोकळ झाली की तिच्यातून पाणी वर जातं.”

“म्हणजे मेल्यावरही कामाला जुंपलेलीच!” आक्का म्हणाली. “मला नको रे बाबा झाडाचा जन्म.”

तेविसाव्या सोमवारी आक्का गेली. काका आदल्या दिवशीच तिच्याकडे धावले होते. शुक्रवारी परतले, तेव्हा ज्यांच्या संशोधनासाठी ही टोचणी चालली होती, त्या बाई परगावी होत्या. त्यांच्या तीन वर्षांच्या कामात आपल्यामुळे खाडा पडला, म्हणून काकांचा जीव कासावीस झाला. उशिरा सुई टोचून झाडाला फसवायला हात धजेना. कागदाला मात्र फसवलं. नंबर चिकटवला, ‘टोचली’ लिहिलं. मग आक्का गेल्याचं कुणाला सांगायचीही सोय उरली नाही. कधी गेली, असं कुणी विचारलं असतं तर?

चार महिन्यांनी बाईंनी नंबरवार ढलप्या काढून त्यांचे काप तपासायला घेतले. काका दाराशी घुटमळत होते.

“काका, तेविसाव्यात डागच नाही. सुई खोलवर गेली नसेल का?”

हो म्हटलं असतं तर सुटले असते.

“टोचलीच नाही,” काका म्हणाले.

बाईंनी सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्ची सोडली. काकांनी डोळा लावला. पेशींच्या ओळी सलग गेल्या होत्या. आक्काचा आठवडा त्यात कुठला, ते शोधूनही सापडेना.

“वही दुरुस्त करा,” बाई तुटकपणे म्हणाल्या. “कारणही लिहा.”

काकांनी ‘टोचली’वर रेघ मारली. पेन बराच वेळ तसंच राहिलं. मग लिहिलं, ‘आक्का गेली.’

बाईंनी वाचलं आणि वही मिटून बाजूला ठेवली.

“कधी, काका?”

चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. काका तिथेच ढसाढसा रडले.