लानश्यांगची पाठ

आमची लानश्यांग माझ्या शेवयांच्या दुकानात अठरा वर्षं येत होती, पण पाठ भिंतीला टेकवल्याशिवाय कधी बसली नाही. भिंतीजवळचं बाक भरलेलं असलं तर उभ्यानं शेवया खायची. एवढी दांडगी बाई, तंगफंगच्या आखाड्यात पोरींना कुंगफू शिकवणारी, आणि मी मागून नुसती हाक मारली तरी वाडगा सांडायची.

दोष तिच्या बापाचा. म्हाताऱ्याची शिकवायची एकच तऱ्हा. पोर भांडी घासत असो की वेणी घालत असो, गुपचूप मागून यायचं आणि झाडूचा दांडा हाणायचा. अडवला तर बरं, नाहीतर टेंगूळ. बाप गेला, दांडाही गेला, पण हिच्या पाठीमागे कुणीतरी कायमचं उभंच राहिलं. रात्र रात्र झोप नाही.

चाळिशी उलटल्यावर तिनं ठरवलं, आता बुद्धालाच शरण जायचं. एका मठात म्हणाले, सूत्रं शिकवू, पण मुठी सोड. आखाड्याचा मालक म्हणाला, सूत्रं म्हातारपणी वाच. हिला दोन्ही हवं. नात्याची नसले तरी मला ती आत्याच म्हणते, माझ्यापाशी येऊन बोलली.

"आत्या, मूठ सोडली तर मी उरले कुठं? आणि नुसती मूठच ठेवली, तर झोप कुठून येणार?"

शेवटी सोंगशान डोंगराच्या मागच्या अंगाला भिक्षुणींचा एक मठ सापडला. सकाळी ध्यान आणि सूत्रं, दुपारी कुंगफू. अट एवढीच, की तीन दिवस ध्यानाच्या दालनात बसून दाखवायचं. नाही जमलं तर पिशवी उचलायची. मी सोबत गेले. तिला एकटीला सोडलं असतं तर अर्ध्या वाटेवरूनच परतली असती.

त्या दालनात सगळ्याजणी भिंतीकडे तोंड करून बसतात. म्हणजे पाठ उघडी. आणि मागून भिक्षुणी हुइचिंग कापडी जोडे घालून फिरते, हातात लांब चपटी लाकडी पट्टी. कुणी पेंगलं, वाकलं, की खांद्यावर फट. झोप आवरत नसेल तर हात जोडून, मान कलती करून आपणच मार मागायचा.

मला दाराशी बसू दिलं होतं; तिथून मी लानश्यांगकडे पाहिलं. तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

पहिल्या दिवशी तिच्या हनुवटीवरून घाम टपटपत होता. खोटं कशाला बोलू, मीही घाबरले होते. पट्टीला नाही, हिच्या हाताला. दुसऱ्या दिवशी पावलं तिच्या मागे येऊन थांबली. थकून तिचा कणा जरा वाकला होता. पट्टी खाली आली आणि मला कळायच्या आत हिचा हात वर. पट्टीचे दोन तुकडे, हुइचिंग जमिनीवर.

ध्यान सुटलं तेव्हा ही पिशवी घेऊन दारात.

"चल आत्या. मी त्यांचा हात मोडला असता."

हुइचिंग मनगट चोळत आली. "निघालीस?"

"हो, गुरुताई."

"तीन दिवस म्हटलं होतं. आज दुसराच. मागच्या खोलीत लाकूड आहे, नवी पट्टी कर. उद्या सकाळी मला लागेल. आणि मूठ गुळगुळीत कर, जुनी टोचायची."

दुपारभर ती रंधा मारत बसली.

"पातळ कर गं," मी म्हटलं, "तुझ्याच खांद्यावर बसायचीय."

"पातळ केली तर पुन्हा तोडीन," ती म्हणाली. आणि जाडच केली, वेडी.

तिसऱ्या दिवशी पावलं एकदा मागून गेली. दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्यांदा थांबली. लानश्यांगची उजवी मूठ मांडीवरून उठली, आणि मी डोळे मिटून घेतले. गेलं हुइचिंगचं नाक.

काहीच आवाज झाला नाही. डोळे उघडले तर मूठ उलगडून दुसऱ्या हाताला जोडलेली, मान कलती. मागत होती.

फट.

नखशिखान्त हादरली. जोडलेले हात मात्र सुटले नाहीत. तिनं मान दुसऱ्या बाजूला कलती केली.

मी एकटीच डोंगर उतरले.

गेल्या महिन्यात ती मठाचं सामान न्यायला आली. दुकान भरलेलं, भिंतीजवळ जागा नाही. ती चक्क मधल्या बाकावर बसली. चेहरा पांढरा, वाडगा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"आत्या, मागून जाणार असशील तर आधी सांग."

मी कशाला सांगतेय. सुपाचं पातेलं घेऊन मुद्दाम मागून गेले, आणि थांबले. तिचे खांदे थरथरले. वाडग्यातलं सूप हललं, सांडलं नाही. मग तिनं हळूच मान कलती केली.

"मार एकदाची, म्हातारे."

मी तिच्या वाडग्यात आणखी एक डाव सूप ओतलं.