भुजली दिली आणि मग चेहरा पाहिला

राखीच्या दुसऱ्या दिवशी, तिरोड्याच्या तलावावर माझ्या हातून एक घोटाळा झाला. आपला भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आता नव्वदीला टेकलोय तरी तो काही निस्तरलेला नाही… नात टाइप करतेय, मी बोलतोय.

त्या दिवशी आमच्याकडे भुजली असते. टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे अंकुर बाया तलावावर आणतात आणि मग ते एकमेकांच्या कानावर खोवायचे. ज्याला खोवले त्याच्याशी वैर संपलं. पुढे तो तुमचा 'भुजली', त्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही.

मी दिसेल त्याच्या कानावर खोवत सुटलो होतो. डाव्या हाताने, कारण उजवा गळ्यात बांधलेला… विडी कारखान्यात आमच्या चांगल्या विड्याही छाट, म्हणजे खराब, म्हणून फेकायचे आणि मजुरी कापायचे, त्यावरून महिन्यापूर्वी संप झाला होता. फाटकासमोर लाठ्या चालल्या. मी खाली पडलो तरी एक शिपाई मारतच राहिला.

तर धोतर-बंडीतल्या एका माणसाला अंकुर खोवले, त्यानेही मला खोवले. मग चेहरा पाहिला… तोच शिपाई. वर्दी नव्हती म्हणून ओळखलाच नाही. त्याचाही हात माझ्या कानाशी थांबला.

"राम राम, भुजली," तो कसाबसा म्हणाला. मीही म्हणालो. निव्वळ सवयीने.

घरी येऊन डोकं धरून बसलो. दोन दिवसांनी लाठीमाराच्या चौकशीचे साहेब येणार होते, मला त्याचं नाव सांगायचं होतं. सांगितलं तर भुजली मोडते, नाही सांगितलं तर मार खाल्लेल्या सगळ्यांशी दगा. नीट रागही येईना, माफही करवेना.

साहेबांसमोर झालं ते सगळं सांगितलं. नाव विचारलं आणि मी गप्प… शेजारी पार्बताबाई होती. माझ्यासोबत विड्या वळायची, तिच्याही पाठीवर त्याचीच लाठी बसली होती.

"काऊन रे, नाव काऊन नाही सांगून राहिला?"

मी खाली मान घालून भुजलीचं सांगितलं. ती साहेबांकडे वळली. "मी सांगतो नाव. मी त्याले भुजली देली नाही."

त्याला काही महिने घरी बसवलं, मग परत घेतलं. तेव्हापासून कोणी विडी कामगार उचलला की मी आणि पार्बताबाई ठाण्याच्या दारात जाऊन बसायचो, सोडेपर्यंत उठायचं नाही. वर्षानुवर्षं हेच केलं.

कधी त्याचीच ड्युटी असायची. एकदा त्याने काही न बोलता आतून बाक आणून ठेवला. पार्बताबाई जमिनीवरच बसली. मी थोडा वेळ बाकावर, थोडा वेळ खाली… मलाच कळेना कुठे बसावं.

लोक सत्कारात म्हणतात, यांनी मारणाऱ्याला माफ केलं. केलं का? खरंच माहीत नाही. पण त्या दिवशी पार्बताबाई बोलली नसती, तर तो माझ्या गप्प बसण्यामुळेच सुटला असता आणि माझ्या माफीला आणि माझ्या भित्रेपणाला वेगळं करता आलं नसतं. हे तिला जिवंतपणी सांगायचं राहून गेलं.