परत आलेला कप

लग्न होऊन मी राजूरहून जालन्याला आले ती थेट तिसऱ्या मजल्यावर. अख्ख्या पेठेत तेवढी उंच इमारत दुसरी नव्हती. खाली आमच्या ह्यांचं वकिलीचं दफ्तर, मधे एका कापूसवाल्याची पेढी, वर आमचं बिऱ्हाड. जिना एकच, तोही दफ्तरातून निघायचा. त्यामुळं सकाळी दफ्तर उघडलं की संध्याकाळपर्यंत बाईमाणसानं खाली पाऊल टाकायचं न्हाई. लोक म्हणायचे, "नशीबवान पोरगी, माडीत राहती!" डोंबलाचं नशीब! दिवसभर बोलायला चिटपाखरू नव्हतं. मी भांड्यांशी बोलायचे.

खालून दोरी ओढली की वर घंटी वाजायची. जितके ठोके, तितके कप चहा टोपलीतून खाली सोडायचा. जगाशी माझा संबंध तेवढाच.

त्या श्रावणात बाबा मला पंचमीला न्यायला येणार होते. चार दिवस मी गाठोडं बांधून बसलेली. हे कामासाठी औरंगाबादला गेल्ते आणि दफ्तरात मुन्शी नवा.

एका सकाळी सहा ठोके पडले. पाच कप रिकामे आले, एक भरलेला, वर बशी झाकून. माझं डोकंच फिरलं. "काय नखरे एकेकाचे! प्यायचा न्हाई तर मागवता कशाला?" म्हणत मी तो मोरीत ओतला.

संध्याकाळी मुन्शी पुरचुंडी घेऊन वर आला. "बाईसाहेब, एक म्हातारबा बाकावर ठेवून गेले. राजूरच्या गणपतीचा प्रसाद हाय म्हणले."

म्हणजे बाबाच आलेले! दाराआडून विचारलं, "आणिक काय म्हणाले?"

"काही न्हाई. मला वाटलं मुवक्किल, कोर्टाच्या कामाला आलेले. म्हणलं, बसा, नंबर लागंल. बिचारे दुपारपर्यंत बसून राह्यले. मंग गावची गाडी निघायची वेळ झाली. जाताना म्हणले, माझंच चुकलं, जल्दी यायला पाह्यजे होतं."

शहरात लेकीला भेटायलाही नंबर लागतो, असंच वाटलं असणार त्यांना. आणि लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीही घ्यायचं न्हाई, ही आमच्याकडची रीत. बाबा ती मोडणारे नव्हते. माझ्या हातचा चहा समोर ठेवून ते बसले असतील, आणि निवू नये म्हणून त्यांनीच वर बशी झाकली असेल.

पुढच्या पंचमीला न्यायला भाऊ आला. बाबा तोवर राहिले नव्हते.