प्लास्टरखालचे गजकर्ण

माझ्या पत्नीचा डावा हात मी मोडला. सात महिने मी ही गोष्ट लपवली. त्याआधी वर्षभर आणखी एक गोष्ट लपवली होती : माझ्या जांघेत गजकर्ण होते. मी गप्प राहिलो तोवर तिला झालेला तोच आजार बरा होत नव्हता. ज्यांच्या घरात कोणी चोरून खाजवत असेल, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

निदान झाले ते चंद्रपूरच्या एका रुग्णालयात, हाडांच्या विभागात. सुशीलाच्या हाताला प्लास्टर घालून तिसरा आठवडा चालू होता. ती रडत होती, पण हाडाच्या दुखण्याने नव्हे. प्लास्टरच्या आत खाज होती. छत्रीची काडी आत घालून तिने खाजवले होते आणि काडी रक्ताने भरून बाहेर आली होती. डॉक्टरांनी करवत चालवून प्लास्टर उघडले. आधी वास आला. मग कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी दिसली : लाल, ओली, ओरबाडलेली, जागोजागी पू धरलेली. त्या चिंधड्यांच्या कडेने मात्र उंच काठाचे गोल वळे स्पष्ट दिसत होते.

शेजारच्या विभागातून त्वचेच्या डॉक्टर मॅडम आल्या. कातडीचा किस काढून त्यांनी केओएच टेस्ट केली. म्हणजे तो किस एका द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे पाहिले. "टिनिया आहे," त्या म्हणाल्या, "म्हणजे गजकर्ण. प्लास्टरच्या आधीपासून होतं. आत घाम, वारा नाही, म्हणून असं पसरलं. घरात आणखी कोणाला आहे?"

"नाही," मी म्हणालो.

मी लाकूड आगारात मोजणीदार आहे. भर उन्हात ओंडक्यांमधून फिरायचे, घामाने कपडे अंगाला चिकटायचे. जांघेत पहिला डाग उठला तेव्हा रुपयाएवढा होता. कड खवल्यांची, मधला भाग साफ. डॉक्टरांपुढे पॅन्ट सोडायची मला लाज वाटली. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. चार दिवसांत खाज गेली, आठव्या दिवशी दुप्पट होऊन आली. मग ट्यूबच ट्यूब. तोच टॉवेल मी दोरीवर टाकायचो आणि त्याच टॉवेलने सुशीला अंग पुसायची. पावसाळ्यात तिच्या कमरेवर, परकराच्या नाडीखाली डाग उठले. मग हातावर.

आमच्याकडे लाली नावाची कुत्री होती. गाव मूल तालुक्यात, जंगलाला लागून आहे. गोठ्याजवळ बिबट्या आला की पहिली लालीच भुंके. धान कापणीच्या दिवसांत तिच्या कानामागचे आणि पायांवरचे केस गेले. मला कारण सापडले. खरे तर मला कारण हवेच होते.

त्या संध्याकाळी आगारातून आलो तेव्हा लाली माझ्या धुतलेल्या लुंगीवर झोपली होती. मी सागाची काठी उचलली. पहिला फटका तिच्या कमरेवर बसला आणि तिचे मागचे पाय खाली बसले. दुसरा जबड्यावर बसला. तोंडातून रक्ताबरोबर दात पडला. ती सरपटत गोठ्याकडे निघाली, तशी मी तिच्यावर ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेले जळके ऑइल ओतले. आमच्या भागात खरूज झालेल्या जनावराला तेच लावतात. मी ते तिच्या डोळ्यांवरही ओतले. ती किंचाळत मातीत तोंड घासू लागली. शेजारपाजारचे कुंपणाशी जमले. मी पुन्हा काठी उगारून ओरडत होतो, "हिच्यामुळंच घरात गजकर्ण आलं!"

"मारू नोका तिले, मरून जाईल!" म्हणत सुशीलाने हात आडवा घातला. काठी हातावर बसली. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. तो कशाचा हे मला त्याच क्षणी कळले. तरीही मी काठी पुन्हा उचलली आणि आणखी एक फटका कुत्रीला मारला. काठी टाकली ती त्यानंतर. अंधारू लागले होते. पाहणाऱ्यांना वाटले, सुशीला धावताना पडली. मी तसेच वाटू दिले.

प्लास्टर घालण्याआधी रुग्णालयात एक्स-रे दिव्यासमोर धरून हाडांचे डॉक्टर तिला म्हणाले, "ताई, पडताना माणूस तळहात टेकतो, हाड मनगटाजवळ मोडतं. हे मधोमध मोडलं आहे. मार अडवताना असं होतं. कोणी मारलं का?"

"नाई जी. धावताना पडली मी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी एक्स-रेकडे पाहत राहिलो.

प्लास्टर उघडल्यावर हाताला काढता-घालता येईल असा आधार दिला. सुशीलाला पोटातून गोळ्या आणि लावायला मलम सुरू झाले. दोन महिन्यांत हाड जुळले, कातडीही भरली. मग पुन्हा वळे उठले. पुन्हा गोळ्या, पुन्हा आराम, पुन्हा वळे. ती झोपेत स्वतःला ओरबाडे. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असत. दर खेपेला मॅडम विचारत, घरात कोणाला आहे का, आणि दर खेपेला मी नाही म्हणे. सुशीला खाली पाहत बसे. तिला माहीत होते. एका घरात ते कसे लपेल?

लालीला शेजारच्या पार्वताबाईंनी नेले होते. त्या तलावातली मासोळी विकतात, वय सत्तरीचे. मासोळीच्या टोपलीत घालून त्यांनी कुत्रीला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचवले. काही दिवसांनी रस्त्यात त्यांनी मला अडवले. "काऊन भाऊ, कुत्री मारली तं गजकर्ण गेलं का? ढोराच्या डॉक्टरनं पाह्यलं. खरूज होती तिले, किड्याची. गजकर्ण नोहतंच."

पुढे मी स्वतः त्या पशुवैद्यांना भेटलो. ते म्हणाले, कुत्र्या-मांजरांना आणि वासरांनाही गजकर्ण होते, आणि ते माणसाला लागतेही. चेहरा, कान, पंजे यांवर केस तुटून गोल टक्कल पडते, वर कोंडा येतो. काही बुरशी विशिष्ट दिव्याखाली हिरवट चमकते, पण सगळी नाही. म्हणून नुसते डोळ्यांनी पाहून ठरवू नये, केस आणि किस तपासावा. गजकर्ण निघाले तर प्राण्याला वेगळे ठेवावे, हातमोजे घालून औषध लावावे, त्याचे अंथरूण धुवावे. जळके ऑइल किंवा फिनाइल लावले की कातडी भाजते, आणि प्राणी ते चाटतो तेव्हा पोटात विष जाते. "तुमची कुत्री वाचली," ते म्हणाले, "पण त्यात तुमचा काही हात नाही."

मे महिन्यात आम्ही पुन्हा चंद्रपूरला गेलो. मॅडमनी या वेळी कल्चरचा अहवाल पुढे ठेवला. कल्चर म्हणजे बुरशी वाढवून तिची जात ओळखणे. त्याला काही आठवडे लागतात. "ही माणसामाणसांत फिरणारी जात आहे," त्या म्हणाल्या. "मी ताईंना औषध देते आणि घरातलं कोणीतरी त्यांना आजार परत देतं. असंच चालू राहिलं तर एक दिवस या गोळ्याही त्यांना लागू पडायच्या नाहीत. आता शेवटचं विचारते."

सुशीलाने मनगट पदराखाली ओढून घेतले.

"मला आहे," मी म्हणालो.

पडद्यामागे त्यांनी तपासले. जांघेपासून पार्श्वभागापर्यंत काळपट चट्टे पसरले होते. कातडी पातळ होऊन तिला भेगांसारखे पट्टे पडले होते. मी खिशातली ट्यूब दाखवली. तिच्यात स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने लालसरपणा आणि खाज दबते, वळ्याचा आकार पुसतो, आणि बुरशी आत निवांत वाढते. याला टिनिया इनकॉग्निटो म्हणतात, म्हणजे वेश बदललेले गजकर्ण. दुकानातून स्वतःच्या मनाने ट्यूब आणू नका, ही विनंती मी हात जोडून करतो.

बरे होण्याची हकिकत थोडक्यात सांगतो. दोघांचे उपचार एकाच दिवशी सुरू झाले. यकृताची रक्ततपासणी करून गोळ्या दिल्या. मलम डागावर आणि डागाच्या कडेबाहेर दोन बोटे लावायचे. डाग दिसेनासा झाला तरी सांगितलेल्या दिवसांपर्यंत थांबवायचे नाही. टॉवेल, कपडे, अंथरूण वेगळे. गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात उलटे वाळवायचे. श्रावणापर्यंत दोघांचीही कातडी स्वच्छ झाली. सुशीलाच्या हातावर व्रण मात्र आहेत.

पण तपासणीच्या त्या दिवशी, रुग्णालयात, मी अर्धेच बोललो होतो. मॅडमनी हाताविषयी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. परतीच्या एसटीत सुशीला खिडकीकडे तोंड करून बसली होती. 

गावात उतरून ती सरळ पार्वताबाईंच्या अंगणात गेली. मीही मागे गेलो. चार-पाच बाया बसून मासोळी निवडत होत्या. माझी चाहूल लागताच खाटेखालची लाली उठली आणि मागचा पाय ओढत भिंतीआड गेली.

"काय म्हनली डॉक्टरीन?" पार्वताबाईंनी विचारले.

"काई नाई, औषध बदललं," सुशीला म्हणाली. ती अजूनही मला झाकत होती.

मी म्हणालो, "चूक झाली." ते मला स्वतःलाही नीट ऐकू आले नाही.

"कोनाची? काऊन झाली?" पार्वताबाईंचे हात थांबले नाहीत. "कुत्रीले मारत होता तवा तं पार तलावापावतर आवाज येत होता, भाऊ. आता गळा बसला का?"

बाया हसल्या. सुशीला हसली नाही. मी तिच्यासमोर खाली मातीत बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललो.

"सुशीला, तू धावताना पडली नाई. तुहा हात मी मोडलो. मोडल्याचा आवाज मले आला होता, तरी मी आनखी एक फटका मारलो. गजकर्ण माह्यं होतं. कुत्रीचं नोहतं, तुहं नोहतं, माह्यं होतं. मले माफ कर."